पाय धुवायचा दगड

"मग चुकलं कुठं, बाबा?"

रंगनाथ उभ्यानंच विचारत होता. बसवतच नव्हतं त्याला. सकाळपासून जमिनीतून आलेल्या हवेच्या नळीच्या तोंडाशी हात धरायचा, चरफडायचा आणि पुन्हा अंगणात येरझाऱ्या घालायचा.

मठाचे भैरवगिरी बाबा वाती वळत राहिले.

खानदेशातला उघडा माळ, त्यावर हा मठ, आणि ऊन म्हणजे नुसती भट्टी. कोपऱ्यातल्या खोलीत द्वारकाआई तळमळत पडली होती. मठाची चूल सांभाळता सांभाळता हिनंच पोरक्या रंगाला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. पोरगा शहरात जाऊन इंजिनिअर झाला, परत आला आणि तिला शब्द देऊन बसला, "वैशाख लागायच्या आत तुझी खोली गार करतो."

अंगणात त्यानं पुरुषभर खोल चर खणला, लांबलचक नळी पुरली, तोंडाशी पंखा बसवला. बाहेरची हवा जमिनीखालून फिरून गार व्हायची आणि आईच्या उशाशी निघायची. बेत झकास होता हो! पण हवा आली ती तापल्या तव्यावरून आल्यासारखी.

"नळी ठीक, पंखा ठीक..." रंगनाथ बोटांवर मोजत म्हणाला.

"आणि माती?"

"ती कशाला? सगळी उपसून टाकली. नळीभोवती कोरडी, चाळलेली वाळू भरलीय. वर फरशी. चिखलाचं नाव नाही."

"पाय धुवायचा दगड?"

रंगनाथनं भिंतीशी टाकलेल्या दगडाकडे पाहिलं.

मठाची रीतच होती तशी. दारी पाटील येवो की मेंढपाळ, शिष्यानं त्या दगडावर त्याचे पाय आपल्या हातानं धुवायचे. ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच, आता चर होता त्या मातीत, मुरत आलेलं. नळी गंजेल म्हणून रंगनाथनं तो दगड उखडला होता. खरं तर शहरातून आल्यापासून त्याला लोकांच्या पायांशी बसायची लाज वाटत होती.

"फरशी उचल," बाबा म्हणाले.

त्यांनी चरातली मूठभर वाळू त्याच्या एका हातात दिली. चराची कड खरवडून निघालेली काळी माती दुसऱ्या हातात.

"घट्ट धर... आता सोड."

वाळू भुरुभुरु गळून गेली. माती ओल धरून तळव्याला चिकटून राहिली, गारेगार.

रंगनाथच्या ध्यानात आलं, नळीतल्या हवेची धग ओढून घेते ती ही ओली माती, कोरडी वाळू नाही. मग एकदम उसळला, "मी खणत होतो तेव्हा बोलला का नाहीत?"

"तेव्हा तू बोलत होतास."

...

वाळू निघाली. काळी माती पुन्हा चरात गेली, रंगनाथनं ती पायांनी तुडवून बसवली. दगड जागेवर आला. हातात तांब्या घेऊन तो दगडाशी बसला, पण जीव सगळा आईच्या खोलीत.

"बाबा, किती पाणी मुरायला हवं?"

बाबांनी त्याच्या तांब्यात पाणी ओतलं.

"आणखी किती दिवस? तिला सोसवत नाही हो..."

बाबांनी फाटकाकडे बोट केलं. कुणीतरी येत होतं.

लोक येत गेले, पाणी मुरत गेलं. रंगनाथ एक पाय धुवायचा आणि दहादा खोलीकडे बघायचा.

एका दुपारी एक म्हातारा मेंढपाळ आला. टाचा भेगाळलेल्या, धूळ घोट्यापर्यंत. संकोचून तो दगडावर टेकला. रंगनाथनं त्याचा डावा पाय हातात घेतला, भेगांतली माती अंगठ्यानं हलकेच काढली, पाणी घातलं.

तेवढ्यात आतून हाक आली.

"रंगा... ए रंगा! अरे, गोधडी दे रे जरा. गारठले मी."

रंगनाथचे डोळे भरून आले. तांब्या तसाच टाकून तो धावायला उठला.

बाबांनी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. दोरीवरची गोधडी ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"गोधडी मी नेतो. त्यांचा दुसरा पाय राहिलाय."