गदाधरशास्त्र्यांना सगळं ठाऊक!

सोनबा गुरवाची सनई गेली, ती एका राक्षसाच्या मावशीपायी!

तीस वर्षं सोनबा सोनदरीच्या राजवाड्यात, नगारखान्यात बसून पहाटेची सनई वाजवत होता. परवा गदाधरशास्त्र्यांनी त्याला समोर उभं केलं आणि एका राक्षसाच्या मावशीचं नाव विचारलं. राक्षसाला मावशी असते हेच सोनबाला नवीन होतं! "अडाणी!" असं म्हणून शास्त्र्यांनी त्याच्या हातातली सनई काढून घेतली आणि आपल्या भाच्याला दिली. भाच्याने ती फुंकली तेव्हा पागेतल्या दोन घोड्यांनी दावी तोडली. पण बोलणार कोण?

हे शास्त्री तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरदेशाहून आले होते. पुराण विचारा, काव्य विचारा, कुस्ती, गाणं, इतिहास, काहीही विचारा, बुवा अडत नसत. कुणी शंका काढलीच, तर ते एक न कळणारा श्लोक म्हणत आणि शंका काढणाराच खाली बघे. राजा भूधरराय त्यांच्यावर बेहद्द खूश. त्याने त्यांना 'सर्वज्ञ' ही पदवी दिली, पालखी दिली आणि वाड्यातल्या नोकरांची परीक्षा घ्यायचा अधिकारही दिला.

सोनबाची सून भिवरा दुसऱ्याच दिवशी दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, मामंजींना सनई येते का ते विचारायचं सोडून राक्षसाचं गणगोत कशाला विचारलं?"

"आमच्या वाड्यात अडाणी नोकर नकोत!" राजा म्हणाला. एकदा बोलला की तो शब्द फिरवत नसे. "एवढं वाटत असेल तर उद्या तू शास्त्रीबुवांना पाच प्रश्न विचार. एका जरी प्रश्नाला ते चुकले, तर सनई परत. नाही चुकले, तर सासऱ्याला घेऊन राज्याबाहेर चालती हो!"

शास्त्री मिशीत हसले. "बाई, तुझं शिक्षण काय?"

"भाकरी थापते, शास्त्रीबुवा. भाकरी बिघडली तर खाणाऱ्याला लगेच कळतं. तुमच्या उत्तराचं बरं आहे, ते कुणी खाऊन बघत नाही!"

दरबारी खुसखुसले आणि शास्त्र्यांनी वळून पाहताच खोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. भिवराने पदर खोचला आणि खणखणीत विचारलं, "ढुमकासुराला वर कुणी दिला?"

शास्त्र्यांनी पापणीसुद्धा लववली नाही. "ब्रह्मदेवाने! ढुमकासुराने बारा वर्षं एका पायावर तप केलं. पोरंसोरंही सांगतील हे!"

"वाहवा!" दरबार म्हणाला. ज्यांनी ढुमकासुराचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं, त्यांनी सर्वांत जोरात मान हलवली.

"कवी तवानंदांच्या महाकाव्याचे सर्ग किती?"

"अठरा. अकरावा मला मुखोद्गत आहे. म्हणू?"

"नको, उन्हं चढतील," भिवरा म्हणाली. "शेणप्पा मल्लाने उत्तरेचा पैलवान कोणत्या डावावर पाडला?"

"कलाजंग! धूळ तीन दिवस खाली बसली नाही!"

"आणि फुंकारी रागिणी कधी गातात?"

"सूर्योदयापूर्वी, आणि तीही रिकाम्या पोटी!" शास्त्र्यांनी शालीचा पदर झटकला. "आणखी एकच उरला, बाई. बोचकं बांधलंस का?"

भिवराने राजाकडे एकदा पाहिलं. "महाराजांचे पणजोबा धनराय. त्यांचे धाकटे बंधू रणराय कोणत्या लढाईत पडले?"

शास्त्र्यांनी लगेच शालीने डोळे टिपले. "हाय हाय! केतकीघाटाची ती लढाई! छातीवर सात घाव झेलले, पण पाऊल मागे नाही. महाराजांचं नाक थेट त्यांच्यावरच गेलंय!"

दरबाराने पुन्हा "वाहवा" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. राजा सिंहासनावरून उठला होता.

"शास्त्रीबुवा," राजा म्हणाला, "आमचे पणजोबा सात बहिणींत एकटे भाऊ. हे धाकटे बंधू कुठून आले?"

"ते... म्हणजे... मानलेले भाऊ, महाराज!"

"मानलेले? कुणी मानले?"

"मी मानले, महाराज," भिवरा म्हणाली. "आत्ता, वाड्याची पायरी चढताना! ढुमकासुर धुणं आपटताना जन्मला. तवानंद तव्यावर भाकरी टाकताना सुचले. शेणप्पा गोठ्यात सापडला. आणि फुंकारी रागिणी तर मी रोज आळवते, चूल पेटत नसली की! शास्त्रीबुवांचा मात्र सगळ्यांशी जुना घरोबा दिसतोय!"

शास्त्र्यांनी श्लोक म्हणायला सुरुवात केली. राजाने हात वर केला. "हा श्लोकही आजच सकाळी जन्मला का, बुवा?"

आणि भूधरराय असा हसला, असा हसला, की त्याचा शिरपेच नाकावर आला. "तीन वर्षं! तीन वर्षं मी या माणसाच्या थापा कानांत साठवत बसलो! भिवरा, आजपासून 'सर्वज्ञ' तू!"

"नको महाराज. मला घरी शंभर वेळा 'ठाऊक नाही' म्हणावं लागतं. पदवी घेतली तर माझी पंचाईत होईल!"

राजाला पुन्हा हसू फुटलं. त्याने सोनबाला सनई परत दिली, नगारखान्याशेजारचं कौलारू घर दिलं आणि शास्त्र्यांची पालखीही त्यालाच दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे सोनबा तिच्यात बसूनच नगारखान्यावर आला. पुढचे दोन भोई नेहमीचेच होते. मागच्या दांडीला मात्र गदाधरशास्त्री आणि त्यांचा भाचा होते, आणि दोघांनाही पावलाला पाऊल कसं मिळवायचं ते ठाऊक नव्हतं!