बिनतोंडाचं सोंग

जव्हारकडच्या डोंगरात कुंडाचा पाडा नावाचं गाव आहे. तिथल्या बोहाड्याला, म्हणजे मुखवटे चढवून नाचायच्या उत्सवाला, आलेले पाहुणे शेवटच्या सकाळी हमखास विचारतात, या एकाच मुखवट्याला तोंड का नाही? मग सोनूबाबा भोये बिडी विझवून सांगायला बसतात. घाईत असलेल्याला मात्र ते सांगत नाहीत.

फार मागे, म्हणे, गावावर राघो पाटलाचा शब्द चालायचा. त्याने कुंडावरचं रान कोळशाच्या भट्ट्यांना दिलं. रान गेलं तसं कुंड आटलं आणि बाया तीन डोंगर ओलांडून पाणी आणू लागल्या. दिसत सगळ्यांना होतं, पण पाटलापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. चैत्या मुखवटे घडवायचा. पोटासाठी त्यानेही त्याच रानात कुऱ्हाड चालवली होती, आणि ते त्याला सलत होतं. माणसाला गप्प बसवता येतं, पण बोहाड्यातल्या सोंगाला पाटीलसुद्धा अडवू शकत नाही, हे त्याने हेरलं आणि कुंडाचंच सोंग घ्यायचं ठरवलं. आटलेल्या कुंडाला तोंड कशाला, म्हणून लाकडात नुसते डोळे आणि नाकपुड्या कोरल्या. इथेच त्याचं चुकलं.

रीत अशी, की सोंगाने बोलायचं नाही आणि ओवाळल्याशिवाय मुखवटा उतरवायचा नाही. उतरवला तर देव कोपतो, घर वाळीत पडतं. ओवाळणं होईपर्यंत गावानेही रिंगण सोडायचं नाही. पहिल्या ओवाळणीचा मान पाटलाच्या घराचा.

चैत्या नाचला आणि रिंगणात मधोमध बसला. सोंग कशाचं, ते पाटलाने लगेच ओळखलं.

"कुणी ओवाळायचं नाही," तो म्हणाला. "बसू दे."

पान खाऊन होईल एवढ्यात सुटू, असा चैत्याचा अंदाज होता. वैशाखाचं ऊन चढलं, लाकूड तापलं, घशाला कोरड पडली. समोर बायको तांब्या घेऊन उभी, पण पाणी घालणार कुठे? उतरवावा तर पोरंबाळं वाळीत, बसावं तर जीव जातो. गावही तसंच अडकलेलं. जागचं हलता येईना, तोंड उघडवेना.

ऊन कलायला लागलं तेव्हा पाटलाची सून सखू पुढे झाली. "मामंजी, तुमच्या आंघोळीचं पाणी मी तीन डोंगर वाहते," ती म्हणाली. "रान तुम्ही दिलंत, आणि आम्ही बघत बसलो."

मग एकेकाची वाचा फुटली. भट्टीवर कामाला गेलेले कबूल झाले, भांडणं झाली, रडारड झाली. पाटील एकटा पडला. भट्ट्या विझवायचा शब्द देऊन त्याने आपल्या हाताने सोंग ओवाळलं. मुखवटा उतरला. बायकोने ओठांना लावलेलं पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. चैत्या कधी गेला, ते बोलण्याच्या नादात कुणालाच कळलं नव्हतं.

आजही ते सोंग पाटलाच्या वंशातला माणूसच घेतो, आणि रानापाण्याबद्दल मनातलं कुणी बोलल्याशिवाय ओवाळणी होत नाही. गेल्या वर्षी डोंगर खडीच्या खाणीला जाणार अशी कुणकुण होती, तेव्हा सोंग दुपारपर्यंत बसून राहिलं. शेवटी सोनूबाबाच उठले.

"खाणीच्या कागदावर अंगठा मी दिलाय," ते म्हणाले. "आधी त्याला ओवाळा, मग मला काय बोलायचं ते बोला."