बटणावर उतरणारा पाय

ट्रेलरचे पाय हँडल फिरवून खाली सोडायचे दिवस सरत आले होते, तेव्हाची ही गोष्ट. पुढचा ट्रक सुटून गेला की मागे उरलेला ट्रेलर या पायांवरच उभा राहायचा. एका ट्रेलरच्या पायांना मोटार बसली. बटण दाबलं की ते आपोआप उतरत.

शेजारच्या ट्रेलरचा जुना पाय म्हणाला, “मजा आहे बुवा तुझी! मला उतरवताना ड्रायव्हर घामाघूम होतो, शिव्या घालतो.”

“आणि मग?” नव्या डाव्या पायानं विचारलं.

“मग वाकून माझ्याखाली फळी सरकवतो.”

डाव्या पायापाशी कुणी वाकतच नसे. खाली ओली काळी माती, वर वीस टन साखर. तो बोटबोट रुतत होता. आणखी वीतभर गेला की ट्रेलर कलंडणार होता.

“अरे, हाक मार की!” जुना पाय म्हणाला.

“कुणाला? याचं सगळं आपोआप होतं, असं ठरवून गेलेत सगळे.”

तिसऱ्या दिवशी हणमंतअण्णा ड्रायव्हर आले. ट्रक जोडून त्यांनी पाय वर घ्यायला बटण दाबलं. मोटार घुरघुरली, पण पाय हलेना. अण्णा गुडघ्यांवर बसले आणि हातानं माती उकरू लागले.

“कधीपासून रुततोयस रे?”

आजवर त्या पायाला कुणी काही विचारलंच नव्हतं.