कुऱ्हाडीचा हक्क

"उद्या हे रान तोडायचं! इथे आमचा हवामहाल होणार!" पालखीतून न उतरताच महाराजांनी फर्मावलं.

महाराजांचे पाच महाल आधीच उभे होते. त्यांतल्या एकातही त्यांना हवा लागत नव्हती म्हणे! इकडे धाकू गावड्याच्या तोंडचं पाणी पळालं. रानातल्या झऱ्यावरच त्याची भातखाचरं पिकत. झाडं पडली की झरा आटणार, आणि घर उपाशी मरणार.

"सरकार, वाडवडिलांची जमीन आहे आमची!" त्याने हात जोडले.

"तुझीच ना? मग दे मला! जमीन तुझी, पण तुलाही ती देता येत नाही, अशी जमीन उद्या दाखव. आल्या पावली परत जाईन!"

दिवाणजी पोट धरून हसले. त्यांना पगारच त्याचा मिळत असे.

दारात उभ्या असलेल्या धाकूच्या लेकीला, आवडीला, यात हसण्याजोगं काही दिसलं नाही. पालखी वळताच तिने बापाचा हात धरला आणि त्याला थेट देवीच्या देवळात नेलं.

दुसऱ्या दिवशी महाराज कुऱ्हाडवाले घेऊन हजर!

"कुठे आहे ती जमीन?"

"हीच की!" आवडी म्हणाली. "रान आमचंच. मध आमचा, हिरडा आमचा. पण इथे कुऱ्हाड चालवायचा हक्क बाबांनी काल पंचांसमोर देवीला वाहिला. आता आम्हांला फांदी तोडता येत नाही, आमच्या नातवंडांनाही येणार नाही. जो हक्क आमच्यापाशी नाही, तो तुम्हांला कुठून द्यायचा?"

"मी राजा आहे! देवीकडून काढून घेईन!"

"घ्या की! पण राज्यसुद्धा तुमच्या पणजोबांनी देवीलाच वाहिलंय. तुम्ही तिचे चाकर म्हणून गादीवर बसता, दसऱ्याला तलवार तिच्या पायांशी ठेवून मागून घेता. देवीचं कुणीही ओरबाडावं, असं आज तुम्हीच ठरवलंत, तर गादीवर डोळा ठेवून बसलेले तुमचे चुलतभाऊ उद्या माझ्या रानाकडे कशाला बघतील?"

दिवाणजींना एकाएकी खोकला आला. महाराज क्षणभर लालबुंद झाले, मग जे हसत सुटले ते पालखी हलेपर्यंत! कुऱ्हाडवाल्यांना त्यांनी माघारी पिटाळलं, हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं आणि डोळे मिचकावत विचारलं, "हे तरी ठेवशील ना? की हेही देवीला वाहशील?"

"ठेवीन की, महाराज! तुम्ही परत मागायला येईपर्यंत!"