ताईच्या मशीनचं पाणी

“कायमचं, बुवा. कधीच खराब होणार नाही असं पाणी. त्यात घालायचं तरी काय?”

शार्दूलने पुन्हा तेच विचारलं.

सोमगीरबुवा मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “प्यायला हवंय?”

“नाही हो. कॉम्प्युटरसाठी.”

“अरे वा! त्याला तहान लागते होय?”

आता बुवा थट्टा करताहेत की खरंच विचारताहेत, हे ओझरवाडीच्या मठात आजवर कुणाला कळलेलं नाही. शार्दूलने टॅबवर काढलेलं चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि समजावायला लागला. ज्ञान पाजळायची संधी हा गडी कधी सोडायचा नाही.

मशीन जोरात चाललं की तापतं. नुसत्या पंख्यांनी भागत नाही. मग तापणाऱ्या भागावर तांब्याची पोकळ चकती बसवायची आणि तिच्यातून पाणी खेळवायचं. पाणी उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं, तिथं गार होतं, पंप त्याला परत ढकलतो. असं गोल गोल, थांबायचं नाव नाही.

“आणि सांधे?”

“तिथंच तर खरी गंमत आहे!” शार्दूल खुलला. “लोक आटे फिरवून बसवायचे सांधे लावतात, ते कधी ना कधी ढिले होतात. मी सगळ्या सांध्यांना डाग देणार. तांब्याची नळी, पक्का जोड. उघडणारच नाही, तर गळेल कुठून?”

“उघडणारच नाही?”

“कधीच नाही.”

“एवढं कुणासाठी चाललंय?”

शार्दूलने टॅब खाली ठेवला.

“ताईसाठी.”

…

बुवा शेंगा सोलत राहिले. कुणी विचारलं नाही की माणूस आपणहून बोलतो, तसा शार्दूल बोलायला लागला.

शाल्मलीताई कोल्हापुरात घरीच फिल्मचं एडिटिंग करते. असंच पाणी खेळवणारं एक मशीन त्याने तिला पूर्वी करून दिलं होतं, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून. महिन्याभरातच एक सांधा सुटला, पाणी आत ठिबकलं, आणि मशीन डिस्कसकट बसलं. ताईचं अख्ख्या पावसाळ्याचं काम गेलं. सगळ्या घरादेखत ती म्हणाली, “तुझ्या हातचं मला पुन्हा काही नको.” हा म्हणाला, “टेबल तू हलवलंस, त्याला मी काय करू?”

झालं! तेव्हापासून दोघांमध्ये आई. भाऊबीजेला ताईच्या हातचे लाडू आईबरोबर येतात आणि याने घेतलेली साडी आईबरोबर जाते. फोन नाही की मेसेज नाही.

आणि आता आईच सांगत होती, ताईने बाजारातून घेतलेलं मशीन तापून तापून बंद पडतंय, तिची कामं अडलीत, पोरगी रडकुंडीला आलीय.

“म्हणून असं करून देतो, बुवा, की तिला परत माझं तोंड बघायची वेळ येऊ नये,” शार्दूल म्हणाला. “आईबरोबर पाठवीन. विषय संपला.”

“मग अडलंय कुठं?”

“पाण्यावर. वर्षभरात ते बिघडतं. शेवाळ धरतं, गाळ बसतो, पंप अडखळतो. औषधं मिळतात, पण कायमचं असं एकही नाही.” त्याने मठाच्या मागच्या हौदाकडे बोट केलं. “तुमचा हौद बघा! सगळी पंचक्रोशी सांगते, बारा महिने पाणी आरशासारखं. तुमच्याकडे काहीतरी आहे. मला सांगा ना.”

“आहे की,” बुवा म्हणाले. “चल.”

…

हौदाचं पाणी खरोखर नितळ होतं. मधल्या तळाचा दगड न दगड दिसत होता; कोपरे तेवढे सावलीत होते.

बुवांनी छाटी खोचली, पाण्यात उतरले, खांद्यापर्यंत हात खाली घातला आणि एक हिसका दिला. हात वर आला तेव्हा त्यात चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच होतं.

“अहो बुवा! काय करताय हे? एवढं चांगलं पाणी…”

भसाभसा आवाज करत पाणी दगडी मोरीतून केळींकडे धावलं. हौद अर्ध्यावर आला आणि गढूळ झाला. बघता बघता तळ उघडा पडला. कोपऱ्याकोपऱ्यात बोटभर गाळ, कुजलेली पानं, मेलेल्या गांधीलमाश्या. आंबूस वास सुटला.

शार्दूल बघतच राहिला. “एवढी घाण होती यात?”

“दर अमावास्येला निघते.”

“पण लोक तर म्हणतात…”

“लोक पौर्णिमेला येतात.”

बुवांनी काथ्याचा एक बोळा त्याच्या हातात दिला. दोघं गुडघे टेकून तळ घासायला लागले.

मग बुवांनी बूच उचलून त्याच्यासमोर धरलं.

“तुझ्या चित्रात हे कुठं आहे?”

“नाही.”

“का?”

“राहून गेलं.”

“राहून गेलं…” बुवा हळूच म्हणाले. “नळीच्या वळणावळणाचा विचार केलास तू, बाळा.”

शार्दूलचा घासणारा हात थांबला.

“पाणी सोडायला तोटी ठेवली तर दर वर्षी पाणी बदलायला कुणीतरी जायला हवं. कुणीतरी म्हणजे मीच. ती दार उघडणार, मग मला सांगावं लागणार…”

“काय?”

“की टेबल तिने हलवलंच नव्हतं.” तो तळाकडे बघत होता. “जोडल्यावर नुसता पंप लावून दिवसभर बघायचं असतं, कुठं ठिबकतंय का. मी बघितलंच नाही. भाऊबीज गाठायची होती ना! चूक माझी होती, बुवा. तिची एवढीशीसुद्धा नव्हती.”

…

बुवांनी बुचाला कोरड्या चिंध्या गुंडाळल्या, भोकात बसवलं आणि वरून तळहाताने ठोकलं. झऱ्याची बारीक धार हौदात पडायला लागली.

शार्दूल ओल्या हातांनीच ओट्यापाशी आला. टॅब उचलला. चित्रात सगळ्यात खालच्या नळीला एक तोटी काढली. मग तिच्याकडे नुसता बघत उभा राहिला.

“बुवा… तिने मला घरातच घेतलं नाही तर?”

बुवा परत शेंगांपाशी बसले होते. एक शेंग उचलून त्यांनी ती दोन बोटांत चिमटली.

“आधी फोन लाव,” ते म्हणाले. “पाणी सोडायला घरात रिकामी बादली आहे का, तेवढं विचार.”