शंभर टोलांची घंटा

एका राज्यात एक ओतारी होता. काशाची घंटा ओतावी तर त्यानंच, असं लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा तो स्वतः जास्त म्हणे.

तिथली नदी मोठी लहरी. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली लख्ख ऊन असतानाही पाणी चढायचं. म्हणून राजानं ओताऱ्याकडून गावोगावी घंटा बसवून घेतल्या. पाणी चढताना दिसलं की दोर ओढायचा, टोल ऐकले की गावानं टेकडी गाठायची. एका गावात ओताऱ्याची एकुलती लेक दिली होती, तीही नदीलगतच्या आळीत. तिथली घंटा त्यानं विशेष जीव लावून केली.

पण दोनदा पाणी चढलं, तरी कुणी दोराला हात लावला नाही. ओताऱ्याला ते फार लागलं. तो लेकीच्या गावी गेला आणि घाटावरच्या नावाडणीला त्यानं जाब विचारला.

नावाडीण म्हणाली, "दादा, पाणी आधी दिसतं मला. आणि दोर तुम्ही बांधलाय वर चावडीत. तिथवर चढेपर्यंत मी थाळी बडवत अख्खी आळी रिकामी करते. दोर खाली घाटावर आणा, मी ओढीन. माझं बघून बाकीचेही ओढतील."

"आबा, मावशी बरोबर सांगतात," लेक म्हणाली.

पण ओताऱ्याच्या घंटेचा दोर चिखलाच्या घाटावर? छे! त्यानं राजाला जाऊन सांगितलं, "घंटेत खोट नाही महाराज, लोकच अडाणी आहेत."

प्रधान म्हणाला, "हुकमाशिवाय माणूस नवी वस्तू वापरत नाही." आणि हुकूम निघाला. प्रत्येक गावानं रोज शंभर टोल द्यायचे. थाळी बडवणं बंद. टोल भरले, की ओताऱ्याला सोन्याचं कडं.

दोन महिन्यांनी ओतारी पुन्हा त्या गावात आला, तर घंटा कशी एका लयीत वाजत होती! त्याचा ऊर भरून आला. तो दोराच्या मागं मागं गेला, तर दोर चावडीतून थेट तेल्याच्या घाण्यापर्यंत पोचलेला. बैलाची एक फेरी झाली की वर एक टोल पडत होता.

पाटील म्हणाला, "रोज शंभर कोण ओढत बसणार? बैल फिरतोच आहे, त्याला काय जड आहे?"

असे टोल कुणी ऐकणार नाही, हे ओताऱ्याला कळलं. हे राजाला सांगायला हवं होतं. पण कडं दुसऱ्याच दिवशी मिळायचं होतं. एकदा हातात पडू दे, मग सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. कडं हातात पडलं आणि सांगायचं राहून गेलं.

भाद्रपदात एका दुपारी पाणी चढलं. थाळीला तर बंदी. नावाडीण धापा टाकत चावडीवर गेली आणि दोन्ही हातांनी दोर ओढू लागली. खालच्या आळीत बायका धान्य निवडत बसल्या होत्या. "तेल्याचा बैल आज भलताच पळतोय," एक जण म्हणाली, आणि पुन्हा सगळ्यांच्या माना सुपात गेल्या.

ओतारी पोचला तेव्हा आळीच्या जागी नुसता गाळ होता. नावाडीण चावडीच्या पायरीवर बसली होती. तिचे तळहात सोलून निघाले होते.

"वरून मला तुमची लेक दिसत होती, दादा," ती म्हणाली. "दारातच उभी होती. मी हातवारे केले, ओरडले. घंटेपुढं माझा आवाज पोचेना. ती माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, मी आजचे टोल भरतेय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रधानाचा जासूद आला. पुराच्या दिवशी सगळ्या राज्यात सर्वांत जास्त टोल या गावाचे भरले होते. ओताऱ्याच्या दुसऱ्या हातासाठी त्यानं दुसरं कडं आणलं होतं. ओतारी गाळात बसून दोन्ही हातांनी उकरत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

तात्पर्य: नवी वस्तू ज्यानं वापरायची, त्याचं म्हणणं आधी ऐकावं. हुकमानं टोल तेवढे भरतात, आणि खोट्या टोलांच्या गर्दीत खरा टोल कुणाला ऐकू येत नाही.