शिक्षावहीतली कोरी जागा

खळ्ळ...

पंचावन्न वर्षं झाली, तरी तो आवाज श्रीनिवासरावांच्या कानातून गेला नव्हता. विटी उडाली, कचेरीतल्या घड्याळाची काच फुटली आणि त्यांनी गणू पाचारणेकडे बोट दाखवलं. आठवड्यात गणू शाळेतून गेला, तो गेलाच.

"ही शिक्षावही प्रदर्शनात कशाला मांडता, भिकोबा?"

श्रीनिवासराव आता माजी कुलगुरू, शाळेच्या शताब्दीचे पाहुणे. भिकोबा तेव्हाचे शिपाई. नोकरी संपली, तरी जुन्या दप्तराची खोली तेच राखायचे.

"वाळवीपासून वाचवली, म्हणून मांडली."

"शाळेची अब्रू जाईल. बंद करा ती."

भिकोबांनी वही उघडीच ठेवली. शेजारी दाखल्यांचं जाड रजिस्टर उघडून ठेवलं.

"मला अक्षर लावत लावत वाचावं लागतं. तुम्हीच वाचा, साहेब."

श्रीनिवासरावांनी चष्मा चढवला.

"गणपत पाचारणे. शाळा सोडल्याचे कारण... वडिलांची बदली. वर्तणूक... उत्तम."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"काढून नव्हतं टाकलं त्याला?"

"छे. बाप पोस्टात होता. हुकूम आला, बिऱ्हाड हललं."

श्रीनिवासराव स्टुलावर टेकले. रुमाल काढला, तो हातातच राहिला.

"मग या वहीत?"

शिक्षावहीत गणूच्या नावावर एकच तांबडी रेघ होती. खोडलं तरी खालचं वाचता यावं, अशी दप्तराची रीत. शेजारी हेडमास्तरांची सही. आणि पुढे नावापुरती जागा, कोरी.

"मी सांगितलं हेडमास्तरांना, गणू नव्हता म्हणून."

"मग कोण, ते नाही विचारलं त्यांनी?"

"विचारलं की. म्हटलं, पोरगं येईल सांगायला. जागा सोडून ठेवा."

श्रीनिवासरावांनी त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"भिकूमामा, विटी माझी होती."

"ठाऊक आहे. मी पडवीच झाडत होतो."

भिकोबांनी पेन पुढे सरकवलं.

श्रीनिवासरावांनी नाव लिहिलं. मागेपुढे पदवी नाही, हुद्दा नाही. नुसतं हजेरीतलं नाव. मग पेन पुढच्या रकान्यावर अडलं.

"शिक्षा काय लिहू, मामा?"

भिकोबांनी त्या कोऱ्या रकान्यावरून हात फिरवला.

"पंचावन्न वर्षांत तो भरलाय की, शिन्या."

श्रीनिवासराव उठले. वही उघडीच ठेवून पायऱ्या उतरून गेले.